काट्यावर ओलावा साडेआठ, पायथॉनमध्ये शून्य: सी स्ट्रक्टचं मेंबर टेबल कुठे चुकतं

कापसाचा हंगाम लागला की काट्यावरून फोन सुरू होतात. "भाऊ, मशीन साडेआठ ओलावा दाखवते अन् कॉम्प्युटर शून्य छापून राहिला. काहून?" दुसऱ्या गावाहून दुसरी तक्रार: वजनाच्या जागी कोट्यवधी किलो. तिसऱ्या ठिकाणी शेतकऱ्याचं नाव वाचतानाच प्रोग्राम बसतो. वणी, पांढरकवडा, हिंगणघाट, कुठलंही जिनिंग घ्या, मांडणी साधारण एकच असते. काटा आणि ओलावा मोजायच्या मशीनसोबत सी मधली लायब्ररी येते, पावती आणि बिलाचं काम पायथॉनमध्ये असतं, आणि दोघांच्या मध्ये कुणीतरी लिहिलेलं छोटं एक्स्टेन्शन मॉड्यूल. वरच्या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा त्या एक्स्टेन्शनमधल्या पंधरा-वीस ओळींत सापडतं.

शून्य ओलावा ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. सरकारी खरेदीत ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की टक्क्यामागे टक्का भाव कापतात आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. ओलावा १० भरला तर क्विंटलमागे १६२ रुपये कमी व्हायला हवेत, आणि पावतीवर शून्य छापलं गेलं तर ते होत नाहीत. संध्याकाळी हिशेब जुळवताना भांडण ठरलेलं.

आता मुद्द्यावर. पुढची सगळी चर्चा या स्ट्रक्टवर (सी मध्ये एकापाठोपाठ ठेवलेल्या फील्डांचा गठ्ठा) चालेल, तेव्हा ते डोळ्यासमोर ठेवा. लायब्ररीच्या हेडर फाईलमध्ये काटावाचन नावाचं स्ट्रक्ट आहे. त्यात क्रमाने इंट (पूर्णांक) किलो, डबल (दशांशाचा आकडा) ओलावा आणि वीस बाईटांचा कॅर अ‍ॅरे नाव. आपल्या एक्स्टेन्शनमध्ये पावती नावाचं ऑब्जेक्ट स्ट्रक्ट, ज्यात आधी पायऑब्जेक्ट_हेड (प्रत्येक पायथॉन ऑब्जेक्टच्या सुरुवातीचा ठरलेला भाग) आणि मग ते काटावाचन जसंच्या तसं आत बसवलेलं, नाव त्याचं वाचन.

ही फील्डं पायथॉनला दिसावीत म्हणून पायमेंबरडेफ ओळींचं टेबल लिहायचं आणि ते टाईपच्या टीपी_मेंबर्समध्ये टाकायचं (हीप टाईप, म्हणजे प्रोग्राम चालताना तयार होणारा टाईप असेल, तर पाय_टीपी_मेंबर्स या स्लॉटमध्ये). प्रत्येक ओळीत नाव, टाईप कोड, ऑफसेट (फील्ड सुरुवातीपासून किती बाईटांवर आहे), फ्लॅग आणि डॉकस्ट्रिंग. शेवटच्या ओळीत नाव नल (रिकामा पत्ता), म्हणजे टेबल संपलं. ती शेवटची ओळ विसरली तर पायथॉन टेबलाच्या पुढची मेमरीही ओळी समजून वाचत सुटतो आणि बहुधा इम्पोर्टलाच पडतो. हे लगेच कळतं, म्हणून त्यावर इथे वेळ घालवत नाही.

वेळ जातो तो टाईप कोड आणि ऑफसेटमध्ये. पायथॉन करतो एवढंच: ऑब्जेक्टचा पत्ता घेतो, त्यात ऑफसेट मिळवतो आणि तिथले बाईट टाईप कोड सांगेल तसे वाचतो. तिथे खरोखर काय आहे हे तो तपासत नाही. तपासणार तरी कसा? कंपाईल झाल्यावर फील्डांची नावं आणि टाईप इंटरप्रिटरसाठी उरलेलेच नसतात. सातबाऱ्यावर कापूस लिहिला की सरकारदरबारी कापूसच, शेतात तूर उभी का असेना; तसं हे टेबल. म्हणून कोड वाचत बसण्याआधी चुकीचा आकडा नीट पाहा. तो आकडाच बहुतेक वेळा दोष कुठे आहे ते सांगतो.

ओलावा शून्य

मशीनवर ८.५, पायथॉनमध्ये ०. थोड्या वेळाने दुसऱ्या गाडीला मशीनवर ८.४ आणि पायथॉनमध्ये उणे ८५८९९३४५९. हा आकडा दिसला की पुढे शोधायची गरज नाही: फील्ड डबल आहे आणि टेबलात पाय_टी_इंट लिहिलंय.

डबल आठ बाईटांचा. आपल्या नेहमीच्या इंटेल किंवा एआरएम मशीनवर खालचे बाईट आधी येतात आणि इंट म्हणून वाचताना फक्त ते पहिले चार वाचले जातात. ८.५, १२.०, ९.२५ असे आकडे बायनरीत नेमके बसतात, त्यांचे खालचे चारही बाईट शून्य असतात, म्हणून शून्य दिसतं. ८.४ नेमका बसत नाही; त्याची शेपटी हेक्समध्ये सीसी सीसी सीसी सीडी अशी येते, आणि तीच चिन्हासह वाचली की हा उणे आकडा. १७१७९८६९१८ दिसला तरी जात तीच, फक्त शेपटी सहासष्ट-सहासष्टची.

यात एक चकवा आहे. चाचणी करणारा माणूस हमखास ८.५ नाहीतर १०.० टाकून पाहतो. मग त्याला फक्त शून्य दिसतं आणि तो "मशीनमधून डेटाच येत नाही" म्हणून वायरी हलवत बसतो. चाचणीला नेहमी ८.४ किंवा ४७.३ सारखा वाकडा आकडा घ्या.

उलटी चूकही होते. फील्ड फ्लोट आणि टेबलात पाय_टी_डबल. मग पायथॉन शेजारच्या फील्डचे चार बाईटही ओढून घेतो. वाचताना नुसता चुकीचा आकडा येतो, पण लिहिताना शेजारचं फील्ड गुपचूप बदलतं, आणि तक्रार येते ती त्या शेजाऱ्याची.

किलोच्या जागी १, २, ३

इथे ऑफसेट चुकलाय, आणि कसा ते ठरलेलं आहे. टेबलात ऑफसेटऑफ(काटावाचन, किलो) लिहिलंय. हवं होतं ऑफसेटऑफ(पावती, वाचन.किलो). ऑफसेट आतल्या स्ट्रक्टच्या सुरुवातीपासून नाही, पूर्ण पायथॉन ऑब्जेक्टच्या सुरुवातीपासून मोजायचा असतो. आतल्या स्ट्रक्टमध्ये किलो शून्यावर आहे, आणि पायथॉन ऑब्जेक्टच्या शून्यावर बसलेला असतो रेफरन्स काउंट, म्हणजे त्या ऑब्जेक्टला किती ठिकाणांहून धरून ठेवलंय त्याची मोजणी.

खात्री करायची तर पायथॉनच्या प्रॉम्प्टवर एक पावती तयार करा आणि किलो छापा. मग त्याच पावतीला आणखी एक नाव द्या, म्हणजे क्यू बरोबर पी, आणि पुन्हा छापा. आकडा एकने वाढला तर तुम्ही वजन नाही, रेफरन्स काउंट वाचताय. आणि कुणी किलोत काही लिहिलं तर तो काउंटच बदलतो: मोठा आकडा गेला तर ते ऑब्जेक्ट कधी मोकळं होत नाही, शून्य गेलं तर पुढे कुठेतरी, बहुतेक वेळा भलत्याच ओळीवर, सेगफॉल्ट (भलत्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्राम पडणं).

नेहमीच्या ६४ बिट बिल्डमध्ये हेड १६ बाईटांचं असतं: आठ काउंटचे, आठ टाईपच्या पॉइंटरचे (म्हणजे पत्त्याचे). म्हणून याच चुकीत ओलावा, जो आतल्या स्ट्रक्टमध्ये आठव्या बाईटवर आहे, टाईपचा पॉइंटर वाचतो. त्याची खूण अशी की सगळ्या पावत्यांचा ओलावा तंतोतंत सारखा येतो आणि प्रोग्राम पुन्हा चालवला की सगळ्यांचा मिळून बदलतो. त्या फील्डमध्ये लिहिलंत तर प्रोग्राम लगेच पडतो, आणि खरं तर तेच बरं.

हाताने मोजलेला ऑफसेट कुणी टेबलात लिहिला असेल (आहेत असे लोक) तर तो आधी काढा. इंट नंतर डबल आला की मध्ये चार बाईटांची पोकळी पडते आणि बोटांवरचा हिशेब तिथेच चुकतो. खरा नकाशा बघायचा असेल तर डीबग माहितीसह कंपाईल करून जीडीबी या डीबगरमध्ये पीटाईप स्लॅश ओ द्या. तो प्रत्येक फील्डचा ऑफसेट, आकार आणि मधल्या पोकळ्या दाखवतो.

कालपर्यंत चालत होतं

पुन्हा पुन्हा येणारं दुखणं हे. कोड कुणी बदलला नाही, टेबल बरोबर आहे, ऑफसेटऑफ नीट लिहिलंय, तरी आज वजन १७६ कोटी किलो. वर तो आकडा सेकंदाला एकने वाढतो!

वाढतो म्हणजे ते घड्याळ आहे. १९७० पासूनचे सेकंद सध्या त्याच घरात आहेत. काट्यासोबतच्या लायब्ररीची नवीन आवृत्ती आली, तिच्यात काटावाचनच्या अगदी वर वेळ नावाचं आठ बाईटांचं फील्ड घातलं गेलं, आणि खालची सगळी फील्डं आठ बाईट खाली सरकली. ऑफसेटऑफ हा कंपाईल करतानाच पक्का होणारा आकडा आहे, तो नंतर आपोआप बदलत नाही. एक्स्टेन्शन जुन्या हेडरवर बांधलेलं राहिलं आणि लायब्ररी नव्या नकाशाप्रमाणे लिहू लागली.

लक्षणं जोडीने येतात. किलोत घड्याळ. ओलाव्यात १.१ई-३२० सारखा कल्पनेपलीकडचा बारीक आकडा, कारण तिथे आता किलोचा इंट आणि शेजारी शून्यं आहेत. आणि नाव कधी रिकामं, कधी युनिकोडडीकोडएरर, कारण नावाच्या पहिल्या आठ बाईटांत ओलाव्याचा डबल येऊन बसला: ८.५ असेल तर पहिलाच बाईट शून्य, ८.४ असेल तर कचरा. ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर बाकी काही न बघता एक्स्टेन्शन नव्याने बांधा.

याचा न दिसणारा भाग जास्त वाईट आहे. जुन्या नकाशात पावती ५६ बाईटांची होती, नव्यात ६४. लायब्ररी पूर्ण स्ट्रक्ट भरते तेव्हा ऑब्जेक्टच्या हद्दीबाहेर आठ बाईट लिहून जाते. मग कधी चालतं, कधी तासाभराने पडतं, आणि पडलेल्या जागेचा पावतीशी काही संबंध दिसत नाही. पायथॉनमधून पावती.__बेसिकसाईज__ छापा आणि नव्या हेडरवर कंपाईल केलेल्या छोट्या सी प्रोग्राममधल्या साईझऑफ(पावती) शी ताडून बघा. जुळले नाहीत तर चोर सापडला. टीपी_बेसिकसाईजमध्ये कुणी साईझऑफ(पायऑब्जेक्ट) लिहून ठेवलं असेल तर तेही इथेच उघडं पडतं.

"पण मी तर बिल्ड पुन्हा चालवलं होतं" हे उत्तर मला नेहमी मिळतं, आणि ते खरंही असतं. सेटअपटूल्स फक्त सोर्सेसमध्ये दिलेल्या सी फाईली जुन्या की नव्या ते बघतं. हेडर बदलल्याचं त्याला कळत नाही, आणि काही बदललं नाही असं समजून ते जुनीच फाईल ठेवतं. एक्स्टेन्शनच्या व्याख्येत डिपेंड्स नावाचा आर्ग्युमेंट आहे, त्यात हेडरची नावं द्या. हातासरशी करायचं असेल तर बिल्ड_ईएक्सटीला फोर्स द्या. मग मॉड्यूलचं __फाईल__ छापून बघा: बांधलं एका फोल्डरमध्ये आणि इम्पोर्ट होतंय साईट-पॅकेजेसमधलं मागच्या हंगामातलं, हेही होतं. तालुक्याच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर कॉपी करून आणलेली फाईल असेल तर नक्की होतं.

याच कुळातला आणखी एक प्रकार. मशीनच्या हेडरमध्ये प्रॅग्मा पॅक १ (फील्डांमध्ये पोकळी ठेवू नको असा कंपायलरला हुकूम) असतं, कारण सीरियल पोर्टवरून येणारे बाईट चिकटून येतात. हेडरच्या शेवटी तो पॅक मागे घेतलेला नसेल आणि पायथॉन.एच त्यानंतर इन्क्लूड केली असेल, तर पायमेंबरडेफ स्वतःच आक्रसतं. ६४ बिटवर त्याची ओळ ४० बाईटांची असते, पॅक लागला की ३२ ची होते, आणि ४० च्या पावलाने चालणारा इंटरप्रिटर पहिल्याच ओळीत अडखळतो. पायथॉन.एच सगळ्यात वर ठेवा. ही शिस्त पायथॉनच्या स्वतःच्या कागदपत्रांतही सांगितलेली आहे, लोक पाळत नाहीत एवढंच.

नाव वाचताना पडतो

आधी टाईप कोड बघा. पाय_टी_स्ट्रिंग म्हणजे फील्डमध्ये पॉइंटर आहे आणि तो दुसरीकडच्या अक्षरांकडे बोट दाखवतो. आपल्या स्ट्रक्टमध्ये अक्षरं जागेवरच आहेत, त्याला पाय_टी_स्ट्रिंग_इनप्लेस हवं. चुकून पहिलं लिहिलं तर नावाचे पहिले आठ बाईट पत्ता समजून पायथॉन तिकडे जातो आणि सेगफॉल्ट.

ते बरोबर असूनही काही शेतकऱ्यांच्या नावावरच प्रोग्राम अडत असेल, आणि रोमन लिपीतल्या नावांवर कधीच अडत नसेल, तर गोष्ट आपल्या लिपीची आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाईट घेतं, आणि काना, अनुस्वार, उकार ही सगळी वेगळी चिन्हं. 'पांडुरंग' लिहा: प, काना, अनुस्वार, ड, उकार, र, अनुस्वार, ग. आठ चिन्हं, चोवीस बाईट. वीस बाईटांच्या डब्यात, शेवटचा शून्यासाठी सोडून, १९ मावतात. म्हणजे 'पांडुर' पूर्ण आणि पुढच्या अनुस्वाराचा एकच बाईट. स्ट्रिंग_इनप्लेस काटेकोरपणे डीकोड करतो, तो त्या तुटक्या बाईटवर थांबतो: १८ व्या जागी शून्य-एक्स-ई-शून्य, अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ डेटा. अट्ठावीस अक्षरी इंग्रजी नाव कापलं गेलं तरी नुसतं अर्धवट दिसतं. मराठी नाव कापलं गेलं की एरर. तेवढ्यासाठी पोर्टलवर नावं रोमनमध्ये भरायला लावणारे लोक पाहिले आहेत, ते मला काही पटत नाही.

वर स्ट्रएनकॉपी वापरून वीसच्या वीस बाईट भरले असतील तर शेवटी शून्य पडतच नाही आणि वाचन पुढच्या मेमरीत घुसतं.

दुरुस्ती दोन जागी. भरताना: कापायच्या जागेचा बाईट बायनरीत १० ने सुरू होणारा, म्हणजे मधला असेल, तर एकेक मागे या, चिन्हाच्या सुरुवातीला पोचलात की तिथे कापा, आणि शून्य स्वतः ठेवा. वाचताना: हे फील्ड मेंबर टेबलातून काढून गेटसेट टेबलात (जिथे वाचायला गेटर आणि लिहायला सेटर अशी स्वतःची फंक्शनं देता येतात) टाका, गेटर फंक्शनमध्ये स्ट्रएनलेनने लांबी काढा आणि पाय_युनिकोड_डीकोडयूटीएफ८ ला रिप्लेस द्या. मग वाईटात वाईट शेवटी एक प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसेल, काटा थांबणार नाही. लायब्ररीचं स्ट्रक्ट आपल्या हातात नसतं, तेव्हा नाव स्वतःच्या ऑब्जेक्टमध्ये पायथॉन स्ट्रिंग म्हणून ठेवणं त्याहून सरस.

तसं ठेवलंत तर पाय_टी_ऑब्जेक्ट_ईएक्स लागेल. जुना टी_ऑब्जेक्ट नल असला की नन दाखवून गप्प बसतो. ईएक्स अ‍ॅट्रिब्यूटएरर देतो, आणि चूक कळणं केव्हाही बरं. पण लक्षात ठेवा, या मेंबरमध्ये पायथॉनमधून कुणीही काहीही टाकू शकतो, आकडा, लिस्ट, नन, आणि डेल करून नलही करू शकतो. सी मधला तुमचा कोड तिथे स्ट्रिंगच आहे असं धरून चालला असेल तर तो पडणार. एकतर पाय_रीडओन्ली लावा नाहीतर सेटर लिहून पाय_युनिकोड_चेक करा.

गाठी मोजताना वजन उणे

कापसाची प्रमाण गाठ १७० किलोची. १९२ गाठींचे ३२,६४० किलो होतात, तोवर सगळं ठीक. १९३ वी गाठ चढली की ३२,८१० आणि प्रोग्राम दाखवतो उणे ३२,७२६. फील्ड शॉर्ट आहे, ३२,७६७ च्या वर जातच नाही. इथे टेबलाचा दोष नाही, फील्डच बदलायला हवं.

पायथॉन यावर गप्प नसतो, रनटाईमवॉर्निंग देतो: ट्रंकेशन ऑफ व्हॅल्यू टू शॉर्ट. पण काट्यावरचा प्रोग्राम सर्व्हिस म्हणून चालतो, वॉर्निंग कुणाच्या नजरेस पडत नाही. वॉर्निंगला एरर बनवणारा पर्याय लावला तरी सावध राहा: सीपायथॉन (नेहमीचा पायथॉन इंटरप्रिटर) आधी कापलेला आकडा फील्डमध्ये लिहितो आणि मग वॉर्निंग काढतो. एक्सेप्शन पकडलं तरी आत उणे आकडा बसलेलाच असतो. मर्यादा राखायची असेल तर मेंबर नको, सेटर हवा.

लाँगबद्दल एक वाक्य: ६४ बिट लिनक्सवर लाँग आठ बाईटांचा, विंडोजवर चारचा. घरी लिनक्सवर चाललेलं पाय_टी_लाँग जिनिंगच्या विंडोज मशीनवर वेळ अर्धी वाचतं. आठ बाईटांच्या फील्डाला पाय_टी_लाँगलाँग लिहा.

पुन्हा होऊ नये म्हणून

टेबलाखाली प्रत्येक ओळीसाठी एक _स्टॅटिक_असर्ट (कंपाईल करतानाच होणारी तपासणी) ठेवा: त्या फील्डचा साईझऑफ आणि टेबलात लिहिलेल्या टाईपचा साईझऑफ सारखा हवा. डबलच्या जागी इंट लिहिला की कंपायलरच अडवेल. इंट आणि फ्लोट दोघेही चार बाईटांचे, ते मात्र यातून सुटतात. त्यासाठी सी११ मधलं _जेनेरिक वापरून फील्डच्या टाईपवरून कोड निवडणारा मॅक्रो लिहिता येतो: इंट असेल तर पाय_टी_इंट, डबल असेल तर पाय_टी_डबल, लाँग लाँग असेल तर पाय_टी_लाँगलाँग. मग टाईप कोड हाताने लिहायचाच नाही. फक्त कॅर अ‍ॅरे या मॅक्रोतून जाऊ देऊ नका: _जेनेरिक अ‍ॅरेला पॉइंटर समजतं आणि कॅर स्टारची ओळ ठेवली असेल तर नेमकं पाय_टी_स्ट्रिंग निवडून देतं. साधा कॅरही हातानेच लिहा, तो अक्षर आहे, लहान आकडा आहे की हो-नाही आहे हे मॅक्रोला कळत नाही. एक्स्टेन्शन सी++ मध्ये असेल तर _जेनेरिक नाही, तिथे साईझऑफवरच भागवा.

पाय_टी_ ने सुरू होणारी ही नावं पायथॉन ३.१२ पासूनची, तिथे ती पायथॉन.एच मध्येच आहेत. त्याआधीच्या पायथॉनवर नुसतं टी_इंट, टी_डबल आणि रीडओन्ली लिहायचं, आणि सोबत स्ट्रक्टमेंबर.एच इन्क्लूड करायची.